पॅकेजच्या बाहेरचा खर्च

मूल राहत नाही म्हणून उपचाराला गेलेल्या जोडप्याला सुरुवातीला जो आकडा सांगितला जातो, तो शेवटपर्यंत टिकत नाही. आम्ही दोघांनी आधी सोलापुरात आणि मग पुण्यात हा उपचार घेतला. त्याचा सगळा हिशेब मी लिहून ठेवला आहे, आणि आज ती वही चाळताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. आमच्यावर एकदम मोठा खर्च असा कधी कोसळलाच नाही. तो तुकड्यातुकड्याने येत गेला, प्रत्येक तुकडा आधी झालेल्या खर्चाच्या मानाने लहान वाटला, आणि त्यामुळे ‘एवढे केले, तर आता एवढ्यासाठी कशाला थांबायचे’ असे म्हणणे दर वेळी सोपे गेले.

मी एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिते. माझे पती अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत, टॉवेलच्या कारखान्यात डाईंग खात्यात सुपरवायझर होते. उपचार सुरू झाले तेव्हा दोघांचे मिळून महिन्याला ४५ हजारांच्या आसपास घरात येत होते. घर सासऱ्यांनी बांधलेले असल्यामुळे भाड्याचा प्रश्न नव्हता. हे आधीच सांगायला हवे, कारण भाडे भरणाऱ्या जोडप्याला आमचा हिशेब जसाच्या तसा लागू पडणार नाही.

लग्नानंतरचे पहिले वर्ष-दीड वर्ष कोणी काही बोलले नाही. मग हळदीकुंकवाला, बारशाला, डोहाळजेवणाला चौकशा सुरू झाल्या. सोलापुरात चौकशी आडवळणाने होत नाही. ‘काय गं, पेढे कधी देणार?’ असे भर बायकांत विचारले जाते आणि विचारणारीच्या मनात वाईट काही नसते, त्यामुळे रागही धरता येत नाही. नियमित संबंध असूनही बारा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर त्याला वंध्यत्व म्हणावे आणि तपासणी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच तपासणीला जावे, असे डॉक्टर सांगतात. आमच्या घरात मात्र आधी तुळजापूर झाले, अक्कलकोट झाले, सिद्धरामेश्वरांना नवस बोलून झाला, आणि त्यानंतर स्त्रीरोगतज्ज्ञांचा दरवाजा आला. सासूबाईंच्या मनाला त्यातून बळ मिळाले, म्हणून त्या फेऱ्यांचा खर्च मी वहीत वेगळ्या पानावर लिहिला आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तपासण्या अर्थातच माझ्यापासून सुरू झाल्या. थायरॉईड, प्रोलॅक्टिन, पाळीच्या दुसऱ्या दिवशीचे हार्मोन, स्त्रीबीजांचा साठा किती उरला आहे त्याचा अंदाज देणारी एएमएच, दर एक-दोन दिवसांनी बीजाची वाढ पाहणारी सोनोग्राफी, आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहण्यासाठी औषध सोडून काढलेला एक्स-रे, ज्याला सगळे एचएसजी म्हणतात. तो एक्स-रे चांगलाच दुखतो. ‘थोडे टोचेल’ असे सांगून भागण्यासारखा तो प्रकार नाही. नलिका मोकळ्या होत्या. एएमएच वयाच्या मानाने कमी होते, पण अगदीच हातचे गेलेले नव्हते. हे सगळे होईपर्यंत कित्येक महिने गेले, आणि तोवर माझ्या पतींची एकही तपासणी झालेली नव्हती. वीर्यतपासणी ही या सगळ्यांत स्वस्त तपासणी आहे, काही शे रुपयांत होते, शरीराला काहीही टोचावे लागत नाही, आणि तरीही ती शेवटी होते. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने असते, हे कोणत्याही डॉक्टरला ठाऊक असते. घरात मात्र ते बोलायचे कोणी, हा प्रश्न असतो.

आमच्या बाबतीत तो प्रश्न प्रयोगशाळेच्या बाकावर सुटला. तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध नकोत आणि नमुना तासाभरात तपासला गेला पाहिजे, म्हणून तो तिथेच द्यावा असे सांगितले गेले. ‘तिथे’ म्हणजे रिसेप्शनच्या मागचे स्वच्छतागृह. कडी नीट लागत नव्हती, बाहेर साखरेची तपासणी करायला आलेली माणसे बसली होती, आणि काउंटरवरची मुलगी प्लास्टिकची डबी हातात देताना मोठ्याने नाव पुकारत होती. माझे पती डबी खिशात घालून सरळ बाहेर आले आणि म्हणाले, ‘हे माझ्याच्याने होणार नाही.’ मी वाद घातला नाही. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत स्वतंत्र खोली असल्याचे कळले, तिथे पैसे दुप्पट होते आणि ते आम्ही आनंदाने भरले. अहवालात शुक्राणूंची संख्या फारच कमी आली, हालचालही मंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीत एका मिलिलिटरला १.६ कोटी ही खालची मर्यादा मानली आहे. आमचा आकडा तिच्या आसपासही नव्हता.

पुरुषांच्या डॉक्टरांनी, म्हणजे अँड्रॉलॉजिस्टांनी, पहिला प्रश्न विचारला तो कामाचा. डाईंग खाते म्हणजे वाफ, उकळते पाणी, जवळच बॉयलर, आणि त्यावर सोलापूरचा उन्हाळा. वृषणाला शरीरापेक्षा थोडे कमी तापमान लागते, म्हणून तर ते शरीराबाहेर असतात; रोज आठ-दहा तास उष्णतेत उभे राहणाऱ्या माणसाच्या शुक्राणूंवर त्याचा परिणाम होऊ शकतो, असे त्यांनी शांतपणे समजावले. तपासणीत शिरा फुगलेल्याही आढळल्या, त्याला व्हेरिकोसील म्हणतात. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे आज काही बदल केला तर त्याचे फळ तीन महिन्यांनी दिसेल, तोवर तंबाखू बंद आणि उष्णतेपासून दूर, असा सल्ला मिळाला.

आता सोलापुरात डाईंगच्या माणसाने उष्णतेपासून दूर जायचे म्हणजे काय, तर खाते बदलून घ्यायचे. मालकांना कारण सांगणे शक्य नव्हते, म्हणून पाठदुखीचे निमित्त काढले. पॅकिंगमध्ये बदली मिळाली, पण डाईंगचा ओव्हरटाइम गेला. तो दरमहा पाच-सहा हजारांच्या घरात होता. कोणत्याही रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात ही ओळ सापडणार नाही. आमच्या वहीत मात्र संपूर्ण उपचारकाळातला हा सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक आहे. तीन महिन्यांनी आकडा सुधारला, नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याइतका मात्र नाही.

आययूआय, म्हणजे धुतलेले वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडणे, हे त्या दरम्यान सोलापुरातच करून झाले. सोनोग्राफी, गोळ्या, एखादे इंजेक्शन आणि प्रक्रिया धरून एका वेळेला आठ-दहा हजार लागत. ज्यांचे शुक्राणू बऱ्यापैकी आहेत अशांनासुद्धा यात दर वेळी दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासच यश मिळते, आणि संख्या फार कमी असेल तर त्याहून कमी. आम्ही करत राहिलो, कारण पुढची पायरी लाखांची होती आणि ही हजारांची. या टप्प्याविषयी याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

पुढची पायरी म्हणजे आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत गर्भ तयार करणे, आणि त्यातही इक्सी, ज्यात एकेका स्त्रीबीजात एकेक शुक्राणू सुईने सोडतात. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हाच शब्द आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून असे बाळ जन्मले, तेव्हा सासूबाईंनी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली होती म्हणे. आता सोलापुरातही अशी केंद्रे आहेत. आम्ही इथेही चौकशी केली आणि पुण्यातही, आणि या चौकशीत मला जे कळले ते नव्या जोडप्यांना उपयोगी पडेल असे वाटते.

पहिली गोष्ट प्रयोगशाळेची. अंडी आणि शुक्राणू एकत्र आल्यानंतर पुढचे पाच-सहा दिवस सगळे काही एम्ब्रियॉलॉजिस्टच्या, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ वाढवणाऱ्या तज्ज्ञाच्या, हातात असते. डॉक्टरांचे नाव पाटीवर असते, यांचे नसते. लहान शहरांतील काही केंद्रांत हे तज्ज्ञ मोठ्या शहरातून ठरावीक दिवशी येतात, आणि तोवर गोळ्या देऊन अनेक स्त्रियांच्या पाळ्या एकाच सुमारास आणून एक ‘बॅच’ केली जाते. त्यात खर्च कमी पडतो आणि सगळीकडे काम वाईट होते असेही नाही. पण माझी अंडी मुळात कमी निघणार होती, त्यामुळे रोज प्रयोगशाळेत हजर असणारा माणूस हवा, असे आम्ही ठरवले. इथल्या एका केंद्रात ‘एम्ब्रियॉलॉजिस्ट रोज असतात का?’ असे विचारल्यावर समोरच्या बाईंनी ‘सगळी सोय आहे, ताई’ असे उत्तर दिले. हिशेबाच्या कामात ‘सगळी सोय आहे’ या उत्तराचा अर्थ काय होतो ते मला माहीत आहे.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. प्रत्येक ठिकाणी यशाचा टक्का सांगितला जातो, पण तो कशाचा टक्का आहे ते आपण विचारल्याशिवाय कळत नाही. दिवस राहिले का ते सांगणारी रक्ताची बीटा तपासणी पॉझिटिव्ह येणे, सोनोग्राफीत ठोके दिसणे आणि बाळ घरी येणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आकडा पहिल्याकडून तिसऱ्याकडे घसरत जातो. छेदस्थानी काय आहे तेही पाहावे लागते. तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडलेल्या स्त्रियांमधून काढलेला टक्का आणि इंजेक्शने सुरू केलेल्या सगळ्या स्त्रियांमधून काढलेला टक्का सारखा असूच शकत नाही, कारण कित्येकींच्या बाबतीत गर्भ सोडण्याची वेळच येत नाही. मी पुण्यातील समुपदेशक बाईंना विचारले, ‘माझ्या वयाच्या, माझ्याएवढे एएमएच असलेल्या शंभर जणींनी सुरुवात केली तर किती जणी बाळ घेऊन घरी जातात?’ त्या थोडा वेळ थांबल्या आणि ‘पंचवीस-तीस’ म्हणाल्या. बाहेर भिंतीवरच्या फलकावर याच्या दुपटीहून मोठा आकडा होता. बाईंनी खरे सांगितले, म्हणून आम्ही तेच केंद्र निवडले.

तिसरी गोष्ट कायद्याची. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ साली झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे, स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ या मर्यादेत हवे, आणि प्रक्रियेचे फायदे, तोटे, धोके, यशाची शक्यता आणि खर्च जोडप्याला समजावून सांगणे हे केंद्राचे कर्तव्यच आहे. तक्रार निवारणाची व्यवस्थाही केंद्रात असावी लागते. हे ठाऊक असल्यामुळे खर्चाचा अंदाज लेखी मागताना मला संकोच वाटला नाही.

लेखी अंदाज हातात आल्यावर ‘पॅकेज’ म्हणजे काय ते उलगडले. लग्नाच्या कार्यालयाचे भाडे सांगतात, आणि जनरेटर, मांडव, सफाई, भांडी यांचे आकडे तारीख ठरल्यावर एकेक करून पुढे येतात, तसाच हा प्रकार होता. १ लाख ४० हजारांत अंडी काढणे, भूल, इक्सी, गर्भाची वाढ आणि एकदा गर्भ सोडणे एवढे धरलेले होते. इंजेक्शने वेगळी, त्यांचा अंदाज ६० ते ९० हजार. सुरुवातीच्या रक्ततपासण्या वेगळ्या, हिस्टेरोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाची दुर्बिणीतून तपासणी, लागली तर वेगळी, गर्भ गोठवणे वेगळे, गोठवलेला गर्भ नंतर सोडायचा तर तो वेगळा, आणि गोठवणीचे पहिल्या वर्षानंतरचे भाडे वेगळे. वस्तू व सेवा कर उपचारावर लागत नाही, हे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केले आहे, त्यामुळे निदान ती भर नव्हती. औषधांवरचा कर मात्र किमतीत असतोच.

पैसे आणायचे कोठून? माझ्या पतींच्या कारखान्याची गट विमा पॉलिसी काढून पाहिली. वगळलेल्या बाबींमध्ये ‘वंध्यत्व’ स्वच्छ लिहिलेले होते. आरोग्य विम्याच्या प्रमाणित वगळणुकींत त्याला सतराव्या क्रमांकाचा संकेतांकच दिलेला आहे. अलीकडे काही पॉलिसींमध्ये मर्यादित रकमेपर्यंत हा उपचार धरतात, पण त्याला प्रतीक्षाकाळ असतो. महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्रांनी यादीत हा उपचार नसल्याचे सांगितले. गोव्यात २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू झाले, मुंबईत कामा रुग्णालयातही शासकीय केंद्र निघाले आहे. सोलापूरच्या नोकरदार जोडप्याने मुंबईत राहून ते घ्यायचे तर आधी नोकरी सोडावी लागेल. ज्या जिल्ह्यात विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या हजारो कुटुंबांना लाखभर रुपये म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई आहे, तिथे हा उपचार सरकारी रुग्णालयात नसणे म्हणजे त्यांच्यासाठी तो नसणेच आहे. मूल न होणे हा काही श्रीमंतांचा आजार नाही.

पुण्याच्या केंद्रातच एका वित्त कंपनीचा माणूस बसलेला होता. ‘बिनव्याजी हप्ते’ असे तो म्हणाला. मी कागद मागितले. प्रक्रिया शुल्क होते, आणि रोख भरणाऱ्याला मिळणारी पाच टक्के सूट हप्तेवाल्याला नव्हती. दोन्ही मिळवून व्याजाचा दर काढला तर तो सोने तारण कर्जापेक्षा वर जात होता. मग सोन्याचाच विचार झाला. माझे गंठण आणि तोडे सराफाकडे मोडायला न्यायची तयारी मी केली होती. सासूबाईंनी आतून स्वतःच्या पाटल्या आणून माझ्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाल्या, ‘मोडू नकोस. मोडलं की घडणावळ गेली, परत करायला दुप्पट लागतं. बँकेत ठेव, सोडवून आणू.’ हिशेबनीस मी, पण शहाणपणाची बोलणी त्यांची होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळत होते. बँकेचे कर्ज, पेढीवरची उचल आणि पतींची बिशी असे करून पहिल्या फेरीचे पैसे उभे राहिले. दिरांनी देऊ केलेले पैसे आम्ही घेतले नाहीत; त्यांना दोन मुले आहेत आणि जाऊबाईंसमोर मिंधे व्हायची माझी तयारी नव्हती. यात माझा ताठा असेल, पण तो मला परवडला.

इंजेक्शनांच्या बाबतीत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. छापील किंमत आणि मिळू शकणारी किंमत यांत बराच फरक असतो. केंद्राच्या आवारातील मेडिकलमध्ये जे इंजेक्शन छापील किमतीला मिळत होते, तेच सोलापुरात डफरीन चौकाच्या परिसरात एका दुकानदाराने पक्क्या बिलासह चांगल्या सवलतीत आणून दिले. केंद्रातील सिस्टर नाराज झाल्या, पण डॉक्टरांनी बॅच क्रमांक आणि मुदत पाहून परवानगी दिली. मधल्या सोनोग्राफी सोलापुरात करून अहवाल व्हॉट्सअॅपवर पाठवायचे, हेही त्यांनी मान्य केले, त्यामुळे पुण्याच्या बऱ्याच फेऱ्या वाचल्या. विचारले म्हणून हे झाले. कोणी आपणहून सुचवले नव्हते.

पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शने सुरू झाली. ती दोन ते आठ अंशांत ठेवावी लागतात, म्हणून आमच्या फ्रीजच्या दारात, शेंगा चटणीच्या बरणीशेजारी, त्यांचा डबा असे. संध्याकाळी ठरलेल्या वेळी माझे पती हात साबणाने दोनदा धूत. डाईंग सोडून बरेच महिने झाले होते तरी नखांच्या कडांतला निळा रंग गेलेला नव्हता. आधी पाण्याची काचेची कुपी कापसात धरून तिची मान मोडायची, ते पाणी पावडरच्या बाटलीत हळूच सोडायचे, हलवायचे नाही, फक्त तळहातांत फिरवायचे, मग सिरिंजमध्ये ओढून टिचकीने बुडबुडे वर आणायचे आणि बारीक सुई लावायची. मी पोटाची घडी चिमटीत धरायची आणि ते सुई टोचायचे. टोचताना ते श्वास रोखून धरत आणि सुई बाहेर आली की मोठ्याने सोडत. मला हसू येई. पाच-सहा दिवसांनी त्यात दुसरे इंजेक्शन वाढले, अंडी वेळेआधी फुटू नयेत म्हणून. त्यानंतरच्या सोनोग्राफीत वाढ मनासारखी नाही असे दिसले आणि डोस वाढवला गेला. डोस वाढला की खर्च वाढतो, आणि त्या क्षणी नको म्हणणारे जोडपे मी तरी पाहिलेले नाही. अंदाजातली वरची मर्यादा त्याच दिवशी ओलांडली गेली.

अंडी पिकवणारे शेवटचे इंजेक्शन, ज्याला ट्रिगर म्हणतात, ते घड्याळ लावून द्यावे लागते, कारण त्यानंतर ३४ ते ३६ तासांतच अंडी काढायची असतात. आमची वेळ आली ती नेमकी सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या रात्री. दिवसभर नंदीध्वजांच्या मिरवणुकीने अर्धे शहर बंद होते, पाहुणे घरी आलेले होते, आणि आम्ही रात्री साडेदहाला आतल्या खोलीचे दार लावून बसलो होतो. सासूबाई दाराबाहेर बसून पाहुण्यांना यात्रेच्या गोष्टी सांगत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुणे, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भूल देऊन अंडी काढली. अपेक्षेपेक्षा कमी निघाली. त्यांतली काही परिपक्व, त्यांतली काही फळली, आणि पाचव्या दिवसापर्यंत टिकलेले गर्भ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. ही गळती नैसर्गिक असते असे सगळे सांगतात आणि ते खरेही आहे. तरी सकाळी फोन वाजला की आज किती उरले हे ऐकायला जी ताकद लागते, तिची तयारी कोणी करून घेत नाही.

गर्भ गोठवले. पहिला गर्भ सोडला तो ऐन मे महिन्यात. ४३ अंशांच्या सोलापुरात प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे गर्भ टिकायला मदत करणाऱ्या हार्मोनची, तेलातली इंजेक्शने कमरेत रोज घ्यायची, म्हणजे बसायला जागा उरत नाही. गाठी होतात, शेकाव्या लागतात, आणि शेकायला त्या उन्हात नको वाटते. गर्भ सोडल्यानंतर झोपून राहण्याने यश वाढत नाही, रोजची साधी कामे करा, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. पण आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते, आणि पाण्याच्या दिवशी सासूबाईंनी मला घागरीला हात लावू दिला नाही. पेढीवरही मी बिनपगारी रजा टाकली, ती माझ्यापेक्षा घराच्या समाधानासाठी. तोही खर्चच.

बीटा पॉझिटिव्ह आली, पण आकडा लहान होता. अठ्ठेचाळीस तासांनी तो साधारण दुप्पट व्हायला हवा. आमचा खाली आला. केमिकल प्रेग्नन्सी, म्हणजे गर्भ रुजायला लागून लगेच गेला, असा शब्द अहवालानंतर ऐकला. घरात कोणाला काय सांगायचे हा प्रश्न होता, कारण दिवस गेले होते असे म्हणावे तर गेले नव्हते, आणि नव्हते म्हणावे तर कागद काही वेगळे सांगत होता. माझे पती त्या दिवशी कामावर गेले आणि रात्री उशिरा आले. आम्ही त्यावर बोललो ते कित्येक दिवसांनी.

यानंतर नवे पर्याय समोर आले. गर्भाशयाचे अस्तर गर्भ स्वीकारायला कोणत्या दिवशी तयार असते त्याची चाचणी, प्रतिकारशक्तीची औषधे, आणखी एक-दोन गोष्टी. प्रत्येकीची किंमत वीस-पंचवीस-चाळीस हजार. मी थोडे वाचले. एश्रे या युरोपीय प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ मध्ये अशा अतिरिक्त चाचण्यांचा आढावा घेतला आणि त्यांतल्या बऱ्याचशा, अस्तराच्या या चाचणीसह, सरसकट वापरू नयेत असे म्हटले. ही माहिती डॉक्टरांपुढे ठेवल्यावर ते चिडले नाहीत. ‘तुमची इच्छा नसेल तर आग्रह नाही’ म्हणाले. अर्थात, न विचारणाऱ्या जोडप्याच्या बिलात ती रक्कम सहज लागली असती.

त्याच रात्री आम्ही दोघांनी वही उघडली. तोपर्यंत प्रवास, मुक्काम, गेलेला ओव्हरटाइम आणि बिनपगारी रजा धरून साडेचार लाखांच्या वर आकडा गेला होता, आणि १ लाख ४० हजार ही रक्कम त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरत होती. माझे पती म्हणाले, ‘अजून एकदा करायचं असेल तर मी परत डाईंगला जातो, ओव्हरटाइम मिळेल.’ ज्या उष्णतेपासून दूर जाण्यासाठी खाते बदलले, त्याच उष्णतेत उपचाराचे पैसे मिळवायला जायचे, हे ऐकून मी वही मिटली. आम्ही ठरवले ते असे: अंडी काढण्याची नवी फेरी करायची नाही, जे गर्भ गोठवलेले आहेत तेवढेच सोडायचे, एकेक, कर्ज न वाढवता. डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी विरोध केला नाही. वयाचा मुद्दा त्यांनी काढला, तो बरोबरच आहे. पण वय आमचे आहे आणि कर्जही आमचेच आहे, आणि दोन्हीचा हिशेब एकत्र मांडायचे काम आमच्याखेरीज कोणी करणार नव्हते.

दरम्यान केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली आहे. दोन वर्षांच्या आतील बालकासाठी पती-पत्नींच्या वयांची बेरीज ८५ च्या पुढे जाता कामा नये, आणि आमची त्यात व्यवस्थित बसते. कागदपत्रे झाली, घरभेटीला आलेल्या समाजसेविका सासूबाईंशी तासभर बोलून गेल्या. प्रतीक्षा वर्षांची आहे हे त्यांनी आधीच सांगितले. सासूबाईंना सुरुवातीला हे पटले नव्हते. आता त्या ‘नंबर लागला का?’ असे अधूनमधून विचारतात.

यानंतर सोडलेल्या गर्भाने काही झाले नाही. एक उरला आहे. कायद्याप्रमाणे गर्भ दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवता येतो, केंद्र मात्र दर वर्षाचे शुल्क घेते, आणि नूतनीकरणाचा संदेश नुकताच आला. एका वर्षाचे पैसे भरले. सासूबाईंच्या पाटल्या सोडवून आणल्या आहेत, माझ्या गंठणावरचे कर्ज या दिवाळीपर्यंत फिटेल, आणि ते फिटल्यावरच पुण्याला तारीख मागायची असे आमचे ठरले आहे.